तिसरा महिना सरेपर्यंत

आपल्याकडे एक रीत आहे. पोरीला दिवस गेले की तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. शेजारीपाजारी नाही, नात्यात नाही, कधीकधी तर तिच्या माहेरीही नाही. का, तर दृष्ट लागते. का, तर पहिले तीन महिने नाजूक, काही बरंवाईट झालं तर चारचौघांत उत्तरं देत बसावं लागतं. माझ्या आईने ही रीत पाळली, सासूबाईंनी पाळली, आणि आज शिकल्यासवरल्या, मोबाइलवर सगळं जग बघणाऱ्या घरांतही ती तितकीच कडक पाळली जाते. हा लेख त्या रीतीच्या विरुद्ध आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना रागवायचं आहे त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको.

शेजाऱ्यांना सांगू नका. पेढे वाटू नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ही गप्प बसायची रीत हळूहळू डॉक्टरच्या दारापर्यंत जाते, तिथे माझं भांडण आहे. ज्या आठवड्यांत आपण गप्प बसतो, नेमक्या त्याच आठवड्यांत पोटातल्या बाळाबद्दल बरंच काही कळू शकतं. आणि ते आठवडे गेले की गेले.

हिशेब मांडते. मी मराठीची बाई, पण आमच्या शाळेत गणिताचे तासही घ्यावे लागायचे, तेव्हा एवढं जमतं.

डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत, म्हणजे बरोबर तीन आठवडे, एक खास सोनोग्राफी करता येते. तिला एनटी स्कॅन म्हणतात. बाळ तेव्हा डोक्यापासून ढुंगणापर्यंत साडेचार ते साडेआठ सेंटिमीटर असतं. त्याच्या मानेमागे त्वचेखाली पाण्याचा पातळ थर असतो, तो मिलिमीटरमध्ये मोजतात. थर नेहमीपेक्षा जाड असला तर डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या दोषाची किंवा हृदयाच्या दोषाची शंका घेतात. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या किप्रोस निकोलाइडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली हे जगापुढे मांडलं. चौदाव्या आठवड्यानंतर हा थर बहुतेक बाळांमध्ये ओसरून जातो, मग त्या मापाला अर्थ राहत नाही.

त्याच तपासणीत आणखीही दिसतं. कवटी तयार झाली आहे का, पोटाची भिंत मिटली आहे का, हातपाय आहेत का, लघवीची पिशवी भलतीच फुगलेली नाही ना. जुळं असेल तर दोघांची वार एकच आहे की वेगळी, हे याच वेळी सगळ्यांत नीट ओळखता येतं. बाळंतपणाची तारीखही याच वेळच्या मापाने जास्तीत जास्त बरोबर निघते.

आता मला सांगा, तीन महिन्यांचे आठवडे किती? तेरा. म्हणजे "तिसरा सरू दे, मग बघू" म्हणणाऱ्या घराच्या हातात उरतात सहा दिवस. त्या सहा दिवसांत अमावस्या आली, कुणाचं वर्षश्राद्ध आलं, मुलाला रजा मिळाली नाही, की संपलं.

एक खरी हकीकत सांगते. मुलीची परवानगी घेतली आहे. नाव, गाव, नातं सांगणार नाही. घरातले वाचतील त्यांना कळेलच, कळू दे.

मुलगी सव्वीस वर्षांची. सासर सातारा जिल्ह्यात, डोंगराकडच्या भागात. शेवटची पाळी १५ जून २०२५ ची. पुढचा हिशेब बघा. ज्या दिवशी घरात गौरी आल्या, ३१ ऑगस्टला, त्या दिवशी तिला ११ आठवडे पूर्ण झाले. सणात कुठे दवाखान्यात जायचं! गणपती गेले. दुसऱ्याच दिवशी, ७ सप्टेंबरला, खग्रास चंद्रग्रहण. त्या रात्री तिला पाणी दिलं नाही, हातात विळी-सुरी घेऊ दिली नाही, दीड वाजता ग्रहण सुटेपर्यंत एका जागी बसवून ठेवलं. त्या दिवशी तिला बरोबर १२ आठवडे झाले होते. मग पितृपक्ष लागला. पितृपक्षात चांगल्या कामाला बाहेर पडायचं नाही. १३ आठवडे ६ दिवस भरले २० सप्टेंबरला. २१ ला सर्वपित्री अमावस्या. २२ ला घट बसले आणि मग घरातून परवानगी मिळाली. दवाखान्यात गेली तेव्हा चौदावा आठवडा संपत आला होता. तिथे सोनोग्राफीचं मशीन नव्हतं. रक्त तपासलं, गोळ्या दिल्या आणि पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी दिवाळी झाल्यावर तालुक्याला करायला सांगितली.

ती सोनोग्राफी झाली तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात. २० आठवडे उलटून चार दिवस झाले होते. बाळाची कवटी वरच्या बाजूने तयारच झालेली नव्हती. असं बाळ जगत नाही. जन्मलं तरी काही तास, फार तर काही दिवस.

ही गोष्ट बाराव्या आठवड्यात दिसते. एखाद्याच निष्णात डॉक्टरला दिसते असं नाही, नीट शिकलेल्या कुणालाही दिसते. तेव्हा कळलं असतं तर दुःख झालंच असतं, पण लहानशा प्रक्रियेत ती मोकळी झाली असती. एकविसाव्या आठवड्यात तिला कळा आणून मोकळं करावं लागलं. बाळाची हालचाल नुकती कुठे जाणवायला लागली होती. आणि तीन-चार दिवसांनी तिला दूध आलं. असं होऊ शकतं हे तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं. ती मला फोनवर एवढंच म्हणाली, "मावशी, दूध आलं हो." यावर मी काय बोलणार?

गौरी-गणपती, ग्रहण, पितृपक्ष यांवर मी घसरत नाही. सण मीही करते. पण त्या तीन आठवड्यांत घरातलं प्रत्येक माणूस पंचांग बघत होतं आणि पोरीचे आठवडे कुणीच मोजत नव्हतं.

पुढचं तर याहून वाईट. घरी आल्यावर तिला पहिला प्रश्न कोणता विचारला असेल? "ग्रहणात काही चिरलंस का?" अहो, तिला तुम्हीच बसवून ठेवलं होतं ना! मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून बनतो ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. तिच्या तारखांप्रमाणे ते झालं जुलैच्या अखेरीला. ग्रहण सहा आठवड्यांनी लागलं. जे आधीच घडून गेलं होतं त्याचा दोष नंतरच्या ग्रहणावर, आणि ग्रहणावरून पुन्हा त्या पोरीवर. ज्या काळात ती नळी मिटत असते तेव्हा बऱ्याच बायकांना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. म्हणून तर फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मूल हवं असं ठरवल्यापासूनच, दिवस जाण्याआधी सुरू करायची असते. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी असं बाळ होऊन गेलेल्या बायकांना गर्भ राहण्याआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड दिलं, तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटलं. असं काही आधी घडलेलं नसेल तर रोज ४०० मायक्रोग्रॅम सांगतात. गोळी स्वस्त आहे. त्याने सगळीच व्यंगं टळतात असं नाही, पण ही बरीचशी टळतात. ही गोष्ट लग्नाआधी मुलीला सांगायची कुणी? आमच्या शाळेत शास्त्राचे गुरुजी प्रजननाच्या धड्याशी आले की "हा घरी वाचा" म्हणून पान उलटायचे. घरी कोण वाचतंय, आणि कोण वाचू देतंय?

या मौनाची बाजूही मला माहीत आहे. कळून आलेल्या गर्भांपैकी शंभरात दहा ते वीस आपोआप पडतात, त्यातले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. तेव्हा जुन्या बायकांनी विचार केला असेल, कशाला आधी बोभाटा? चांगल्या मनाने केला असेल. पण परिणाम बघा. गर्भ पडला की ती बाई कुणापाशी रडणार? जे कुणाला सांगितलंच नाही त्याचं दुःख करायचं कसं? दुसऱ्या दिवशी ती भाकऱ्या थापायला बसते, आणि जिला आतली गोष्ट माहीत असते ती विचारते, "जड उचललंस का? पपई खाल्लीस का?" असे लवकर पडणारे निम्मे गर्भ गुणसूत्रांच्या दोषामुळे पडतात. पपईचा काही संबंध नाही. या रीतीने घराची झाकली मूठ राहते, बाईला तिचा काही उपयोग नाही.

आता नेहमीच्या आक्षेपांकडे वळते. आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर ते रोज मिळतात.

पहिला, "आमच्या वेळी कुठे होत्या या सोनोग्राफ्या? आमची मुलं झालीच ना धडधाकट?" झाली. माझीही दोन झाली, सत्तरच्या दशकात, एकही सोनोग्राफी न होता. पण १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं वर्षाच्या आत जात होती. त्यांतली किती व्यंगाने गेली, किती जुलाबाने, किती धनुर्वाताने, हे गावोगाव कोण लिहून ठेवत होतं? "अल्पायुषी होतं" म्हणायचं आणि पुरून यायचं. कट्ट्यावर बसून आपण आपली जगलेली मुलं मोजतो. जी गेली त्यांच्या आया कट्ट्यावर येऊन बोलत नाहीत.

दुसरा, "त्या किरणांनी बाळाला अपाय होतो." सोनोग्राफीत किरण नसतात, आवाजाच्या लहरी असतात, आपल्या कानाला न ऐकू येणाऱ्या. एक्स-रे वेगळा. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी बॉयलरच्या धातूतल्या भेगा शोधायचं यंत्र वापरून सुरुवात केली आणि १९५८ साली आपलं काम प्रसिद्ध केलं. तेव्हापासून इतक्या दशकांच्या वापरात योग्य कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीने बाळाला अपाय झाल्याचं सिद्ध झालेलं नाही.

तिसरा, "डॉक्टरांची दुकानं आहेत ही." यात मात्र तथ्य आहे. दर महिन्याला कारण नसताना सोनोग्राफी, बाळाच्या चेहऱ्याचा रंगीत फोटो, त्याचा अल्बम, त्याचं पॅकेज. याला माझाही विरोध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितलं ते २४ आठवड्यांच्या आत एक तरी सोनोग्राफी व्हावी एवढंच. पण दुकानदाराने नऊ वस्तू गळ्यात मारल्या म्हणून आपण मीठही घ्यायचं बंद करतो का? तिसऱ्या महिन्यातली एक आणि पाचव्या महिन्यात, १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यान, दुसरी. या दोन चोचल्यात मोडत नाहीत. पहिली झाली म्हणून दुसरी टळत नाही, हेही सांगते. हृदयाचे बरेच दोष, मेंदूतले काही दोष पाचव्या महिन्यातच दिसतात, आणि काही तर कुठल्याच सोनोग्राफीत दिसत नाहीत. बाळ ऐकेल का, बोलेल का, हुशार निघेल का, हे कुठलंही मशीन सांगत नाही. "सगळं नॉर्मल" याचा अर्थ "बघितलं तेवढं ठीक" इतकाच घ्यायचा.

चौथा आक्षेप मला सगळ्यांत जास्त बोचतो. "सोनोग्राफी म्हणजे पापाचं मशीन." हे कुणी बनवलं पापाचं? मुलीचा गर्भ शोधायला हे तंत्र वापरलं जायला लागलं, म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली देशात सगळ्यांत आधी त्याविरुद्ध कायदा केला. १९९४ साली केंद्राचा कायदा आला, २००३ पासून तो आणखी कडक झाला. तरी शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, त्या २००१ साली ९१३ झाल्या आणि २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात तर २०११ साली ८०७. तेव्हा मुलगी आहे का हे बघायला चौथ्या महिन्यात रातोरात गाडी मिळत होती. कितीही लांबचा डॉक्टर सापडत होता, पितृपक्ष आड येत नव्हता, पैशाची अडचण नव्हती. आज बाळाला कवटी आहे का हे बघायला मात्र गाडी नाही, मुहूर्त नाही आणि "इतकी घाई कशाला?" कायद्याने बंदी आहे ती लिंग सांगण्यावर. दवाखान्यातली ती पाटी वाचून सोनोग्राफी करणंच गुन्हा आहे असं समजणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत. फॉर्म भरून, नोंद करून बाळाची तपासणी करणं गुन्हा नाही.

पाचवा आक्षेप कट्ट्यावरचा नाही. तो माझ्या एका मैत्रिणीचा आहे, आणि त्याला झटकून उत्तर देता येत नाही. ती माझ्याबरोबर शिक्षिका होती. तिचा मुलगा डाऊन सिंड्रोमचा, आता चाळिशीचा. तिने मला सरळ विचारलं, "तुझ्या या चाचणीचा अर्थ, माझा मुलगा जन्मायला नको होता, असाच ना?"

नाही. तसा नाही. तो मुलगा मी पाळण्यात असल्यापासून बघते आहे. तो माझी पिशवी हातातून काढून घेतो आणि जिन्यावरून वर नेऊन ठेवतो, न सांगता. त्याच्याशिवाय त्या घराची कल्पना मला करता येत नाही. पण मी तिला उलट विचारलं, तुला केव्हा कळलं? ती गप्प झाली. कारण ते मलाही माहीत होतं. बाळंतपणानंतर डॉक्टरांनी तिच्या सासऱ्यांना बाहेर नेऊन सांगितलं. सासऱ्यांनी मुलाला सांगितलं. तिला आठ महिने कुणी सांगितलं नाही, "बाई खचेल" म्हणून. आठ महिने ती विचारत होती, हा मान का धरत नाही, आणि घर म्हणत होतं, धरेल. त्याच्या हृदयाला छिद्र आहे हे दोन वर्षांनी कळलं. डाऊनच्या जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात दोष असतो, हे आधी माहीत असतं तर जन्मल्याबरोबर तपासलं असतं. तिला मूल नको होतं असं कुठे आहे? तिला ते माहीत असायला हवं होतं. आणि आमची ती साताऱ्याकडची पोर टेबलावर पडून होती तेव्हाही डॉक्टरांनी तिच्या नवऱ्यालाच बाहेर बोलावलं. मधे चाळीस वर्षं गेली. बाईच्या पोटातली बातमी बाईला शेवटी कळते ही रीत गेली नाही.

म्हणून मला वाटतं, लवकर तपासणी म्हणजे मूल नाकारणं असं समीकरण मांडणारे दोन्ही बाजूंचे लोक चुकतात. काही दोष असे असतात की बाळ जगूच शकत नाही. काही असे की आधी कळलं तर बाळंतपण जिथे लहान मुलांचे सर्जन आहेत अशा ठिकाणी करता येतं आणि बाळ वाचतं. मानेमागचा थर जाड निघाला आणि गुणसूत्रं ठीक आली, तर हृदयाची खास तपासणी करून घ्यायची सूचना मिळते. फाटलेला ओठ, वाकडं पाऊल यांवर चांगले उपचार आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, त्यातून अशा शस्त्रक्रिया मोफत होतात. आणि डाऊनसारख्या बाबतीत काय करायचं हे त्या आईने ठरवायचं. मूल ठेवायचं ठरवलं तर "कशाला भोग ओढवून घेतेस" म्हणायचं नाही, नाही ठरवलं तर "पाप" म्हणायचं नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला, पण आमच्या गावच्या शाळेला अजून उतार नाही. ज्या गावाला एक उतार बांधता येत नाही त्याने आईला धैर्याचे धडे देऊ नयेत.

आता त्या आकड्याबद्दल, कारण त्यानेही पोरी घाबरतात. एनटी स्कॅनबरोबर रक्ताची डबल मार्कर चाचणी करतात. दोन्ही मिळून डाऊनच्या शंभरापैकी सुमारे नव्वद गर्भ ओळखता येतात. पण त्यासाठी निरोगी बाळ असलेल्या शंभरातल्या पाच बायकांनाही "पुन्हा तपासा" असं सांगितलं जातं. एका हजार बायका घ्या. त्यांतल्या पन्नासेक जणींचा रिपोर्ट "हाय रिस्क" येईल, आणि प्रत्यक्ष डाऊनचं बाळ असेल एखाद-दुसरीचंच. एकास अडीचशे असा आकडा आला म्हणजे अडीचशेपैकी दोनशे एकोणपन्नास बाळांना तो दोष नाही. ही चाळणी आहे, निकाल नव्हे. निकाल लागतो वारेचा तुकडा किंवा गर्भजल तपासल्यावर. वारेचा तुकडा अकराव्या आठवड्यानंतर घेता येतो, गर्भजल पंधराव्यानंतर. हे समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं ज्या दवाखान्यात मिळत नाहीत आणि लाल शाईने गोल केलेला कागद नुसता हातात दिला जातो, त्या दवाखान्याने चाचणी केली असं मी मानत नाही. "तरुण पोरगी आहे, तिला कशाला?" हेही ऐकते. विशीत हा धोका सुमारे दीड हजारात एक आणि चाळिशीत सुमारे शंभरात एक, हे खरं. पण बहुतेक बाळंतपणं तरुणपणीच होतात, त्यामुळे डाऊनची बरीचशी मुलंही तरुण आयांचीच असतात.

शेवटी कायद्याचे आठवडे. १९७१ च्या कायद्याने गर्भपाताला २० आठवड्यांची मर्यादा घातली होती. २००८ साली मुंबईच्या निकेता मेहता यांना ती मर्यादा उलटल्यावर कळलं की बाळाच्या हृदयात गंभीर दोष आहे. त्या उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने परवानगी नाकारली, आणि त्याच महिन्यात त्यांचा गर्भ आपोआप पडला. पुढे अनेक जणींना आपल्या पोटातली गोष्ट घेऊन कोर्टाची पायरी चढावी लागली. २०२१ साली कायदा बदलला. आता २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि बाळात गंभीर दोष असेल तर २४ नंतरही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने परवानगी मिळू शकते. आणि हे सगळ्यांनी वाचा: सज्ञान बाईच्या बाबतीत कायदा फक्त तिचीच संमती मागतो. नवऱ्याची सही नाही, सासूची नाही, सासऱ्यांची नाही.

आता फळ्यावर दोन ओळी लिहा. पहिली: बाराव्या आठवड्यात शंका, तेराव्यात वारेची तपासणी, पंधराव्याच्या आसपास उत्तर. विचार करायला, दुसऱ्या डॉक्टरला विचारायला, आईच्या कुशीत जाऊन रडायला वेळ आहे. दुसरी: विसाव्या-एकविसाव्या आठवड्यात शंका, शहरातल्या डॉक्टरची तारीख बाविसाव्यात, गर्भजलाचा पूर्ण रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे, आणि समोर चोविसावा. या दुसऱ्या ओळीतली बाई निर्णय घेत नाही, तिला ढकललं जातं. पैसेवाल्या घरातली बाई दुसऱ्या ओळीवर असली तरी गाडी काढून पुण्या-मुंबईला पोचते. डोंगरातली एसटीची वाट बघते.

यात सरकारनेही कानाला खडा लावावा. गरोदर बाईची नोंद १२ आठवड्यांच्या आत करा म्हणून आशाताई दारोदार फिरतात. (आणि सासू दारातून सांगते, "अजून काही नाही हो." घरात पोरगी ओकत असते.) पण दर महिन्याच्या ९ तारखेला होणारी मोफत तपासणी, २०१६ पासूनची, आखलीच आहे चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांसाठी. म्हणजे सरकारही तिसरा सरेपर्यंत गप्पच! पहिल्या तीन महिन्यांतली एक सोनोग्राफी, ती करायला शिकलेला माणूस आणि ती समजावून सांगणारी एक बाई, हे प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात हवं. ते नसताना नुसतं "लवकर नोंदणी करा" म्हणणं म्हणजे घंटा वाजवून वर्ग बंद ठेवण्यासारखं आहे.

सरकारचं काय व्हायचं ते होईल. घरातलं तर आपल्या हातात आहे. आमच्या नात्यातल्या सगळ्या सुना-लेकींना, आणि त्याहून जास्त त्यांच्या सासवांना सांगते: मूल हवं असं ठरलं की डॉक्टरला विचारून फॉलिक अ‍ॅसिड सुरू करा. पाळी चुकली की शेवटच्या पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहा, तिथून अकरा आठवडे मोजा आणि तेराव्याच्या आत सोनोग्राफीची वेळ घेऊन ठेवा, मग त्या दिवशी गौरी असोत, ग्रहण असो की सर्वपित्री. मुलग्यांनो, रजा तेव्हा काढा, डोहाळजेवणाला नाही काढलीत तरी चालेल. आणि डॉक्टर काही सांगायला नवऱ्याला बाहेर बोलवायला लागले तर पोरीने उठून बसावं आणि म्हणावं, जे सांगायचं ते इथे, माझ्यासमोर सांगा.

ज्यांना राग आला असेल त्यांनी जरूर फोन करावा. दुपारी दोन ते चार मी झोपते, तेवढी वेळ सोडून.